बेन, भाल, मिर्कुल की शार? पहिल्या कॅम्पेनसाठी काळा देव निवडताना

ऐरोलीची एक मुलगी दिवाळीनंतर पहिल्यांदाच डीएम (गोष्ट रचून खेळ चालवणारी) होऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवत, फासे टाकत खेळायच्या खेळाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एक लांब गोष्ट, घेणार आहे. चार खेळाडू, दर रविवारची दुपार, जग ‘फरगॉटन रेल्म्स’, म्हणजे या खेळाचं एक तयार काल्पनिक जग. तिनं विचारलं, “दादा, व्हिलन म्हणून एखादा पंथ हवाच आहे, पण देव कोणता घेऊ?” नौपाड्यात आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती मी गेली काही वर्षं याच जगात मराठीतून खेळ घेतोय, त्यामुळे यातले बरेच देव वापरून झालेत. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

देवाची ताकद, चिन्ह, मंत्र हे सगळं नंतर बघा. आधी एवढंच विचारा, की गावातला साधा गिरणीवाला या पंथात का जाईल? उत्तर पटकन सुचलं तर तो देव तुमच्या कामाचा.

बेन, भाल आणि मिर्कुल हे तिघं मुळात माणसं. देवत्व मिळवायला निघाले आणि मृत्यूचा जुना देव जर्गल याच्या सिंहासनापाशी पोचले. जर्गल आपल्या कामाला विटलेला होता, त्यानं न लढताच सगळं देऊ केलं. मग वाटणीवरून तिघांत जुंपली. शेवटी जर्गलनं स्वतःच्या बोटांची हाडं काढून दिली आणि तिघं त्यांवर सागरगोट्यांसारखा डाव खेळले. बेन जिंकला, त्यानं सत्ता घेतली. मिर्कुलनं मेलेले मागितले, कारण बेनची प्रजा आज ना उद्या मरणारच. उरलेल्या भालनं मरणच घेतलं, म्हणजे कोण कधी मरेल ते त्याच्या हाती. ही गोष्ट मी नेहमी पहिल्याच सेशनला एखाद्या म्हातारीच्या तोंडी घालतो. पुढे तिघांचे पंथ एकमेकांना का धरून असतात आणि तरी एकमेकांवर विश्वास का ठेवत नाहीत, ते खेळाडूंना वेगळं समजवावं लागत नाही.

नवख्या डीएमसाठी मी डोळे मिटून बेन सुचवतो. जुलूम आणि भीती हा त्याचा प्रांत, सरळ उभा काळा पंजा हे त्याचं चिन्ह. त्याच्या पंथात उतरंड पक्की असते: वरच्यानं सांगायचं, खालच्यानं ऐकायचं. गिरणीवाला इथे का येईल? रस्त्यावर लुटारू आहेत, राजा लांब आहे आणि काळ्या हातमोज्यातली माणसं म्हणतात, आम्ही रस्ता राखतो. पहिलं वर्ष ते खरंच राखतात. मग नाका बसतो, मग वसुली, मग गिरणीवाल्याच्या पोराला त्यांच्यात भरती व्हावं लागतं. झेंटारिमसारखी काफिले आणि भाडोत्री सैनिक पुरवणारी टोळी बेनच्या पंथाशी पूर्वापार जोडलेली आहे, त्यामुळे छोटे शत्रूही आयते मिळतात. मुख्य म्हणजे खेळाडूंना ही दुष्टाई लगेच ओळखू येते आणि तरी तिच्याशी बोलता येतं, सौदा करता येतो.

भाल म्हणजे खून. सुरुवात जोरदार होते: शहरात प्रेत, भोवती रक्ताचे थेंब. पण चौथ्या प्रेतानंतर पुढे काय, हा प्रश्न येतोच, आणि गिरणीवाल्याला या पंथात काही मिळत नाही. दोन-तीन सेशनच्या खेळाला उत्तम. लांब न्यायचा असेल तर एकच वाट मला खरी वाटते. रेल्म्समधल्या डेल कालगणनेच्या १३५८ साली देवांना माणसांच्या जगात उतरवलं गेलं आणि हे तिघंही त्यात मेले. भालला आपलं मरण आधीच दिसलं होतं, म्हणून त्यानं मर्त्य लोकांत मुलं पेरून ठेवली. तुमच्या खेळाडूंपैकी एखादा त्या रक्ताचा निघाला तर गोष्ट रंगते. मात्र त्या खेळाडूला आधी बाजूला घेऊन विचारा.

मिर्कुल म्हातारपण, झिजणं, संध्याकाळ यांचा देव. मला मनापासून आवडतो, पण त्याला संथ खेळ आणि संथ खेळाडू लागतात. लोल्थ, म्हणजे ड्रो या जमिनीखाली राहणाऱ्या एल्फ लोकांची देवी, आठ पायांच्या कोळ्यांची राणी, पहिल्या कॅम्पेनला नकोच. तिच्या परीक्षेत हरलेल्यांचं अर्ध्या कोळ्यात, म्हणजे ड्रायडरमध्ये, रूपांतर होतं, हे भयंकर सुंदर आहे. पण तिच्यामागे जमिनीखालची शहरं आणि घराण्यांची भांडणं उभी करावी लागतात.

आता शार. अंधाराची आणि हरवण्याची देवी, चंद्रदेवी सेलुनेची जुळी बहीण. तिचा पंथ लहान लहान टोळ्यांत, गुपचूप चालतो. तो दुःखी माणसाला काहीच मागत नाही, फक्त म्हणतो, विसर. आमच्या टेबलावर शारची पुजारीण एका घरात चहा ओतत बसली होती. एका पात्राला तिनं विचारलं, “तुझ्या भावाचं मरण मी काढून घेऊ का? भाऊही जाईल, पण दुखणार नाही.” ते पात्र खेळवणारा मुलगा हातातला वीस बाजूंचा फासा ठेवून गॅलरीत गेला. त्याच्या घरी त्याच वर्षी कोणी गेलं होतं आणि मी ते विचारलंच नव्हतं. आम्ही तिथेच थांबलो, बाकीच्यांनी पोहे गरम केले, खेळ पुढच्या शनिवारी झाला. शार मी आजही सगळ्यात मोठी मानतो, पण सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या गप्पांच्या बैठकीला, सगळ्यांशी नीट बोलल्याशिवाय तिला टेबलावर आणू नका.

आणखी एक, मराठीत खेळताय म्हणून. या देवांना म्हसोबा किंवा वेताळाचं रूप द्यायचा मोह होतो. मी तो टाळतो. आपले उग्र देव वेशीवर उभे राहून गाव राखतात, लोक त्यांना भितात आणि नारळही फोडतात. बेन किंवा शार कोणालाच राखत नाहीत. दोन्हींची सरमिसळ केली की पंथही खोटा वाटतो आणि कोणाच्या तरी घरचा देव उगाच दुष्ट ठरतो. रेल्म्सचा काळा पंजा रेल्म्सचाच राहू द्या, भाषा मात्र खुशाल आपली वापरा.

ऐरोलीच्या मुलीनं बेन निवडलाय. तिच्या पहिल्या सेशनला नाक्यावर काळा हातमोजा घातलेला एक पोरगा खेळाडूंच्या पात्रांना अडवणार आहे. हातमोजा त्याला मोठा होतो, आणि बाहीवर अजून पीठ आहे.