चार ‘हलके’ वैकल्पिक विषय : एका सत्राच्या वापरानंतर

समाज, संवाद, उद्योजकता, शाश्वतता. यादीत ही नावं दिसली की ‘पेपर नाही, नुसतं सबमिशन आहे, घेऊन टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. पण मुख्य विषयाची कसर चार रात्री जागून भरून निघते, इथली निघत नाही. इथलं काम दुसऱ्यांच्या वेळेवर चालतं: मुलाखत देणारे, प्रश्नावली भरणारे, गटातले चौघे, वर्षभराची वीजबिलं शोधून देणारं कार्यालय. आपला शेवटचा आठवडा आला म्हणून यांपैकी कुणीच मोकळं होत नाही. गुण जातात ते तिथे.

सर्वांत जास्त कस लागतो शाश्वततेत. शाश्वत विकासाची 1987 ची व्याख्या, संयुक्त राष्ट्रांची 17 उद्दिष्टं, 169 लक्ष्यं हे सगळं दोन आठवड्यांत पाठ होतं, आणि अहवालावर उद्दिष्टांची रंगीत चौकोनी चिन्हं चिकटवली की काम झालं असं वाटायला लागतं. खरी परीक्षा जीवनचक्र मूल्यांकनाची, म्हणजे वस्तू घडवण्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर होणारा परिणाम मोजण्याची. आयएसओ 14040 या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे चार टप्पे आहेत: उद्दिष्ट आणि व्याप्ती ठरवणं, काय आत गेलं व काय बाहेर पडलं याची यादी, परिणामांचं मूल्यमापन आणि निष्कर्षांचा अर्थ लावणं. बहुतेक गट पहिला टप्पा दोन ओळींत उरकून आकडे शोधायला धावतात आणि फसतात.

नेहमीचं उदाहरण घ्या, कागदी कप की स्टीलचा मग. एका कपाची एका मगाशी तुलना केली तर मग हरणारच, कारण तो घडवायलाच जास्त ऊर्जा लागते. तुलनेचं एकक ‘250 मिलिलिटर गरम पेय, 500 वेळा’ असं धरा. आता एका बाजूला 500 कप, दुसऱ्या बाजूला एक मग आणि 500 धुणी. इथे लक्षात येतं की निकाल धातूइतकाच धुण्याच्या पाण्यावर ठरतो: गार पाण्याने विसळला तर एक उत्तर, प्रत्येक वेळी गरम पाणी घेतलं तर चित्र बदलू शकतं. हे एकक नीट लिहिलेला साधा अहवाल सुंदर आलेखांच्या अहवालापेक्षा वरचढ ठरतो, आणि ते योग्यच आहे.

कार्बनच्या हिशेबात उत्सर्जनाचे तीन गट, म्हणजे ‘व्याप्ती’ (स्कोप), असतात: स्वतः जाळलेलं इंधन पहिल्या व्याप्तीत, विकत घेतलेली वीज दुसऱ्या, बाकीची साखळी तिसऱ्या व्याप्तीत. वीज मोजताना युनिटांना ग्रिडच्या उत्सर्जन गुणकाने (एका युनिटमागे किती कार्बन उत्सर्जन) गुणायचं. तो गुणक त्याच प्रदेशाचा आणि त्याच वर्षाचा हवा. सुट्टीच्या दोन महिन्यांची बिलं घेऊन त्यांना सहाने गुणलं की वर्षाचा आकडा हास्यास्पद येतो.

उद्योजकतेत व्यवसायाचा नऊ चौकटींचा आराखडा (बिझनेस मॉडेल कॅनव्हास) एका तासात भरता येतो, म्हणूनच तो फसवा. ‘असं काही आलं तर घ्याल का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, भिडेखातर. त्याऐवजी ‘मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत, किती खर्च आला?’ असं विचारा. सर्वांत उपयोगी पडतं ते ना-नफा-ना-तोटा बिंदूचं गणित. स्थिर खर्च 40,000, विक्री किंमत 250, नगामागे बदलता खर्च 170. नगामागे 80 उरतात, म्हणजे 500 नग विकायला हवेत. सुरुवातीची ऑफर म्हणून 10 टक्के सूट दिली की किंमत 225, उरतात 55 आणि नग लागतात 728. सूट दहा टक्क्यांची, विक्री मात्र जवळपास दीडपट. सादरीकरणात यावरच प्रश्न येतो आणि गट एकमेकांकडे बघत बसतो.

समाज या विषयात प्रश्नावलीच घात करते. ‘वर्ग आणि ग्रंथालय स्वच्छ व शांत आहेत का?’ हा एक प्रश्न नाही, चार आहेत. ‘नाही’ आलं तर ते कशाला, कळायला मार्ग नाही. दहा जणांकडून आधी भरून घ्या, असे प्रश्न लगेच उघडे पडतात. लिंक फक्त मित्रांच्या ग्रुपवर टाकली असेल तर निष्कर्षही त्या ग्रुपपुरताच, तसं लिहून टाका. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात. संमतीपत्र मुलाखतीआधी घ्यायचं, नंतर नाही.

संवादाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वेग मिनिटाला 110 शब्द आला तर पाच मिनिटांच्या भाषणाला 500 शब्द पुरे, उरलेलं अर्धं मिनिट थांब्यांना. रेकॉर्डिंग ऐकणं नकोसं वाटतं, पण सुधारणा त्यातूनच होते.

चारही एकाच सत्रात घेऊ नका; दोन पुरे, आणि त्यांतला गटकामाचा एकच. निवडताना नाव बघू नका, गुणविभागणी बघा: गटाला किती, वैयक्तिक किती, सहकाऱ्यांनी एकमेकांना द्यायचे गुण आहेत का. ते नसतील तर काम कुणी केलं याची नोंद पहिल्या बैठकीपासून ठेवा. मुलाखतींच्या वेळा तिसऱ्या आठवड्यात मागा, बिलांचा अर्ज त्याच्याही आधी द्या.