‘शुद्ध आयुर्वेदिक’ चूर्णाने २३,३५० रुपयांना गंडा घातला आणि वडील आयसीयूत गेले

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडे कुणाच्या सोसायटीत ‘मोफत नाडीपरीक्षा शिबिर’ लागलं असेल, तर आधी हे वाचा.

आप्पा ७४ वर्षांचे. प्रोस्टेट वाढलेलं, रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठायचे. शिबिरातल्या ‘वैद्यां’नी तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारला. ६,२०० चा एक असे तीन डबे, १८,६०० रुपये. वर ‘शुद्धी किट’चे ४,७५०. पैसे यूपीआयने, तेही फर्मच्या नाही, कुणा बाईच्या खात्यावर. डब्यावर गणपतीचं चित्र आणि ‘१००% नैसर्गिक’. ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना घटकांची यादी. या तीन गोष्टी नसतील तर डबा हातातसुद्धा घेऊ नका.

‘मग घेतलाच कसा?’ असं नातेवाईक विचारतात. अहो, चौथ्याच रात्री आप्पा सलग झोपले! गुण येतोय म्हटल्यावर लेबल कोण वाचत बसतं?

आणि तोच सापळा होता. अँटिमस्करिनिक नावाच्या गटातली औषधं मूत्राशयाचं आकुंचन कमी करतात, त्यामुळे लघवीची घाई थांबते. त्यातल्या सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन या गोळ्या डॉक्टर याचसाठी देतात, आणि ती उपयोगी आहेत. पण प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी केल्यावर आत किती उरते ते आधी सोनोग्राफीत बघतात. काचबिंदू आहे का विचारतात. नाडीवर बोटं ठेवून यातलं काय कळणार? धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन ही याच जातीची. चूर्णात धोतरा किंवा अशा गोळ्या कुटून घातल्या असाव्यात, असं युरॉलॉजिस्टचं मत पडलं.

आधी आप्पांचं तोंड कोरडं पडलं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. पेपरातली अक्षरं पुसट दिसायला लागली, पोट साफ होईना. फोन केला तर ‘वैद्य’ म्हणाले, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, शुद्धी किट घ्या, डोस दुप्पट करा.’ तिथे मला खटकायला हवं होतं, हे आजही डोक्यातून जात नाही. उष्णता बाहेर पडतेय, तर घाम कुठाय? ठाण्यातला मे महिना, आम्ही सगळे निथळतोय आणि आप्पांचं अंग तापलेलं, कोरडं ठणठणीत. ही औषधं घामच बंद करतात. पण हे सामान्य माणसाला कुठून माहीत असणार? भरीला ते सर्दीची गोळी घेत होते. जुन्या प्रकारच्या सर्दीच्या गोळ्यांचाही असाच परिणाम असतो, दोन्ही मिळून जास्त बाधतं. म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, चूर्णंसुद्धा.

मग एका रात्री ते चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. मुंगी एकही नव्हती. वारलेल्या काकांना हाका मारत होते, आणि लघवी साफ तुंबलेली. कॅथेटर घातल्यावर सव्वा लिटर निघाली. हॉस्पिटलचं बिल ६१,२४०.

आणि तक्रार? पोलीस म्हणाले, ‘हा औषधांचा विषय, त्या खात्याकडे जा.’ त्या खात्यात, ‘बिल आणा, उत्पादकाचं नाव आणा.’ अहो, बिल देणारा माणूस असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? सायबरवाल्यांनी तर ऐकवलं, ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, यात ऑनलाइन फ्रॉड कुठे?’ उघडलेला डबा समोर ठेवला, तर तपासायला घेईनात, सील तुटलंय म्हणे. औषध खाल्ल्याशिवाय माणूस आजारी पडतो का? कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत धोतरा आहे. तो असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापणं सक्तीचं आहे. मग बिनलेबलाचे डबे सोसायटीच्या हॉलमध्ये राजरोस विकले जातात, हे बघायचं कुणी?

अचानक गुण आला, तोंड सुकलं, नजर धूसर झाली, माणूस बरळायला लागला, तर फोन विक्रेत्याला नाही, डॉक्टरांना करा. डबा फेकू नका. शिबिराला हॉल देणाऱ्या कमिटीने वैद्यांच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागितलीच पाहिजे.

आमच्याकडे तिसरा डबा अजून सीलबंद आहे. या लोकांकडून ज्यांनी ज्यांनी माल घेतलाय त्यांनी यूपीआयच्या पावत्या घेऊन मला गाठा. एकट्याला टोलवतात, वीस जण एकदम गेलो तर अर्ज घ्यावाच लागेल.