कुत्रा आत्ता आणायचा की मुलं बाहेर गेल्यावर?

थोरली बारावीत, धाकटा दहावीत. दोन वर्षांत दोघंही पुण्या-बंगळुरूला जातील. मग पिल्लू आत्ता आणायचं की नंतर? फोंडा-म्हापशाकडच्या घरांत हा घोळ नेहमीचा.

मेहनत: तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा दर तीन तासांनी बाहेर काढावं लागतं, रात्री एकदा तरी. चार माणसांत पाळ्या लागतात खऱ्या, पण बारावीच्या वर्षी मुलांच्या पाळीवर विसंबू नका. सकाळी सहाला साखळी आईच्याच हातात येते!

खर्च दोन्हीकडे सारखाच. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस मात्र गोव्यात टाळू नये. पावसात उंदराचं मूत साचलेल्या पाण्यात मिसळतं आणि कुत्रा तेच पितो. गोचिडींसाठी रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघायचं. जेवण सोडलं, हिरड्या फिकट दिसल्या, तर थांबू नका, रक्त तपासा. गोचीडताप अंगावर काढला की रक्तातल्या प्लेटलेट घसरतात.

वय: गावठी कुत्रा 12-14 वर्षं सहज जगतो. पन्नाशीत पिल्लू आणलं, तर त्याच्या म्हातारपणी वीस किलोचं ओझं गाडीत चढवणारे तुम्ही साठी ओलांडलेले असाल.

दिवसभर घरात कुणी असेल, तर आत्ताच आणा. फक्त जेवण आणि फिरवणं मुलं जाण्याआधी दोन-तीन महिने स्वतःकडे घ्या, नाहीतर कुत्रा अन्न सोडू शकतो. दोघंही नोकरीला जात असाल, तर थांबा, आणि नंतर पिल्लाऐवजी निवारा केंद्रातला तीन-चार वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला कुत्रा घ्या.