पश्चात्ताप नाकारणाऱ्यांचे काय? तीन ख्रिस्ती मते, शेजारी शेजारी

देव न्याय करणार, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत फारसा वाद नाही. वाद पुढे आहे: शेवटपर्यंत पश्चात्ताप नाकारणाऱ्याचे काय होते? मते मुख्यतः तीन, आणि तिन्हींचे पुरस्कर्ते बायबलचाच आधार घेतात.

सर्वांत रूढ मत सार्वकालिक शिक्षेचे. सुरुवातीच्या शतकांतले धर्मपंडित ऑगस्टीन यांनी ते ठामपणे मांडले. कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ते टिकवले. मत्तय 25:46 मध्ये सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात येतात. मग जीवन न संपणारे आणि शिक्षा तेवढी संपणारी, असे कसे मानायचे? मला हा युक्तिवाद सर्वांत भक्कम वाटतो. आक्षेपही तितकाच खरा: चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला अंत नसलेली शिक्षा का? इथे लूक 16 मधल्या येशूच्या दाखल्यातला, मेल्यावर यातनेत पडलेला श्रीमंत माणूस नीट पाहावा. यातनेतही तो अब्राहामाला, आपल्या दारातल्या गरीब लाजराला पाणी घेऊन पाठवा म्हणतो, भावांकडे पाठवा म्हणतो. दया मागतो, पण ‘माझे चुकले’ हे त्याच्या तोंडून एकदाही निघत नाही. दाखल्यावरून नरकाचा नकाशा काढू नये हे मान्य. पण न वळणारे मन त्यात स्वच्छ दिसते. बंड संपत नसेल, तर शिक्षा तरी कशी संपावी?

दुसरे मत कायमच्या नाशाचे. ‘पापाचे वेतन मरण आहे’ (रोमकरांस 6:23), आणि प्रकटीकरण 20 मधले अग्निसरोवर म्हणजे ‘दुसरे मरण’. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ हेच शिकवतो. इंग्लंडचे अँग्लिकन उपदेशक जॉन स्टॉट यांनीही 1988 मध्ये, सावधपणे का होईना, याच बाजूचा कौल दिला. शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न इथे सुटतो. मात्र प्रकटीकरण 20:10 मधली ‘युगानुयुग’ पीडा या मताला जड जाते.

तिसरे मत, अखेरीस सर्वांचा समेट. ओरिजेन आणि निसाचा ग्रेगरी या सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मगुरूंचा कल इकडे होता. देव ख्रिस्ताद्वारे सर्वांचा आपल्याशी समेट करतो असे सांगणारे कलस्सैकरांस 1:20 हा आधार. तशी प्रार्थना मी जरूर करेन, पण ते शिकवण म्हणून सांगणार नाही, कारण येशूच्या इशाऱ्यांतली निकड त्यात उरत नाही.

निवडताना दोन उतारे समोर ठेवा. यहेज्केल 33:11 मध्ये देव म्हणतो की दुष्टाच्या मरणाने त्याला संतोष होत नाही; नरकाबद्दल चवीने बोलणारा उपदेशक तिथेच चुकतो. आणि लूक 13 मध्ये शिलोहचा बुरूज पडून मेलेल्या 18 जणांबद्दल येशू सांगतो की ते इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, आणि पश्चात्तापाची हाक ऐकणाऱ्यांनाच देतो. म्हणून मी पहिले मत धरते, तरी कोणा मृताचे नाव घेऊन ‘तो नरकात गेला’ असे म्हणत नाही.