कोपायलटच्या रिकाम्या सीट: नऊ महिने सांभाळल्यानंतरचा अनुभव

आमच्या महापेच्या ऑफिसात गिटहब कोपायलटचा, म्हणजे कोड लिहिताना पुढचा कोड सुचवणाऱ्या एआय टूलचा, बिझनेस प्लॅन घेतला तेव्हा सीट (माणशी एक लायसन्स) कुणाला द्यायची याचा फारसा विचार झालाच नाही. गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट; तिथल्या आमच्या ऑर्गनायझेशनमध्ये (कंपनीच्या सामाईक खात्यात) जेवढी नावं होती, तेवढ्यांना सरसकट देऊन टाकल्या. एकूण 112 सीट, माणशी महिन्याला 19 डॉलर. तीन महिन्यांनी अकाउंट्समधून विचारणा झाली की एवढे सगळे खरंच वापरतात का. ऑर्गनायझेशनची ॲडमिन मी, त्यामुळे उत्तर शोधणं माझ्याकडे आलं. कोपायलट कोड कसा लिहितो यावर वाचायला भरपूर मिळतं. जे वापरत नाहीत त्यांच्या अकाउंटचं काय करायचं यावर मात्र मला अनुभवाचं असं काही मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पन्नास-शंभर माणसांचं ऑफिस सांभाळणाऱ्यांना उपयोग होईल.

माहिती मिळवणं तसं सोपं आहे. सेटिंगमधून सीएसव्ही फाइल उतरवता येते, नाहीतर एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय) प्रत्येक सीटची माहिती घेता येते: सीट कधी दिली, कुठल्या टीममुळे मिळाली, शेवटची हालचाल कधी आणि कुठल्या एडिटरमधून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) झाली. मी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि पहिला रिपोर्ट काढला. त्यात नेमकी 50 नावं. एपीआय एका पानावर 50 नावं देतो, मागितली तर 100 पर्यंत, आणि मी पुढची पानं मागितलीच नव्हती. एकूण सीट 112 हा आकडा उत्तरात सगळ्यात वर होता, तरी मला तो दिसला नाही. यादीत माझंच नाव सापडेना तेव्हा लक्षात आलं. हा रिपोर्ट तसाच वर गेला असता तर अर्ध्याहून जास्त माणसं हिशेबातच आली नसती.

दुरुस्त केलेल्या रिपोर्टमध्ये न वापरणारे 38 जण निघाले. काहींची शेवटची तारीख महिन्यापेक्षा जुनी, बाकीच्यांचा रकाना कोरा. म्हणजे महिन्याला 722 डॉलर. वरून निरोप आला, "सगळ्या काढून टाक." मी एका संध्याकाळी बसून काढून टाकल्या. या नऊ महिन्यांत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच.

सीट काढली की ती लगेच बंद होत नाही. चालू बिलाचा महिना संपेपर्यंत माणूस वापरू शकतो, कारण त्या महिन्याचे पैसे लागलेलेच असतात. त्यामुळे दोन आठवडे सगळं शांत होतं आणि मीही विसरून गेले. नवीन बिल सुरू झालं त्या सकाळी मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत होते. ऐरोली गेलं आणि फोन वाजला. पलीकडे बॅकएंड टीममधले सीनियर, वयाने माझ्यापेक्षा मोठे. म्हणाले, "मॅडम, सकाळपासून एकही सजेशन येत नाहीये. माझ्याकडून काही चुकलं का?" घणसोलीला उतरेपर्यंत आणखी तिघांचे मेसेज आले. हे चौघंही कोपायलट रोज वापरणारे होते.

मग मी कागदपत्रं नीट वाचली, जी आधी वाचायला हवी होती. शेवटच्या हालचालीची तारीख एडिटरच्या टेलिमेट्रीवरून, म्हणजे तो वापराची जी माहिती आपोआप पाठवतो तिच्यावरून, येते. टेलिमेट्री बंद असेल तर माणूस दिवसभर कोपायलट वापरतो आणि रकाना कोराच राहतो. आमच्या एका क्लायंटच्या नियमाप्रमाणे त्या प्रोजेक्टवरच्या सगळ्यांनी व्हीएस कोड या एडिटरमधली टेलिमेट्री बंद ठेवलेली आहे. असे 11 जण निघाले. शिवाय ही तारीख 90 दिवसच टिकते. त्या काळात नवीन हालचाल झाली नाही की रकाना पुसला जातो. म्हणजे कधीच न वापरलेला माणूस आणि चार महिन्यांपूर्वीपर्यंत रोज वापरणारा माणूस यादीत अगदी सारखेच दिसतात. बाळंतपणाची रजा कायद्याने 26 आठवड्यांपर्यंतची. एवढ्या रजेवर गेलेली प्रत्येक बाई या हिशेबात तेराव्या आठवड्यातच "कधी वापरलंच नाही" अशी होऊन बसते. आमच्या दोघी अशाच होत्या, आणि तिसरा एक जण अपघातानंतर घरी होता.

त्या दिवशी मी सगळ्या 38 सीट परत दिल्या आणि ठरवलं की आता कुणाचीही सीट त्याच्याशी बोलल्याशिवाय काढायची नाही. पुढचे दोन आठवडे यादीचा प्रिंट घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. खरी माहिती तिथे मिळाली.

पाच जण डेव्हलपर नव्हतेच. टेस्ट केसचे रिपोर्ट बघता यावेत म्हणून त्यांना कधीतरी ऑर्गनायझेशनमध्ये घेतलं होतं. सहा जणांच्या क्लायंटने एआय टूलला लेखी मनाई केली आहे. तिघांनी सरळ सांगितलं, नको आहे, लक्ष विचलित होतं. या सगळ्यांच्या सीट काढायला काही अडचण नव्हती.

आणखी सहा जणांनी मला विचारात पाडलं. तिसऱ्या मजल्यावर आमच्या एक ताई आहेत, 14 वर्षं पीएल-एसक्यूएल (ओरॅकल डेटाबेसची भाषा) लिहितात. मी जवळ जाऊन बसले तर त्या आधीच म्हणाल्या, "माहितेय मला, माझं नाव असेल यादीत. मला ते जमलंच नाही गं." त्या दिवसभर ओरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये काम करतात आणि कोपायलट तिथे चालत नाही. एवढी साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. इन्स्टॉल करायचा मेल आला, तो व्हीएस कोडचा होता, त्यांच्या मशीनवर व्हीएस कोड नव्हतं. आपणच कमी पडलो असं समजून त्या गप्प बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या मशीनवर व्हीएस कोड टाकलं आणि त्यांच्या रोजच्या पॅकेजची फाइल उघडली. त्यांनी एका कॉमेंटमध्ये लिहिलं की तारीख रिकामी असेल तर मागच्या महिन्याची शेवटची तारीख धरावी. खाली करड्या अक्षरांत पूर्ण फंक्शन आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग टॅब दाबून ते घेतलं आणि ट्रंकची (तारखेतली वेळ छाटणाऱ्या फंक्शनची) जागा चुकली होती ती सुधारली. आज रिपोर्टमध्ये त्यांची तारीख बहुतेक वेळा आदल्या दिवसाची असते.

उरलेल्या पाच जणांचं प्रकरण जास्त गंभीर होतं. ते कोपायलट वापरत होते, पण घरच्या गिटहब अकाउंटवरून. सीट ऑफिसच्या मेलवर काढलेल्या अकाउंटला दिलेली आणि एडिटरमध्ये साइन-इन मात्र कॉलेजपासूनच्या जुन्या अकाउंटचं. डिसेंबर 2024 पासून कोपायलटचा फुकट प्लॅन आहे, महिन्याला 2000 सजेशनचा. त्यामुळे यांच्याकडे सगळं चालू दिसायचं आणि महिनाअखेरीला बंद पडायचं. एक जण मला म्हणाला, "मला वाटलं आपल्या नेटवर्कचाच प्रॉब्लेम आहे." म्हणजे कंपनी त्या सीटचे पैसे भरत होती आणि क्लायंटचा कोड माणसाच्या खाजगी अकाउंटमधून जात होता. बिझनेस प्लॅनमधला कोड गिटहब एआय मॉडेलला शिकवायला वापरत नाही. ज्या शर्तींवर कंपनीने टूल घेतलं, त्या खाजगी अकाउंटला लागू होत नाहीत. मी यादी नुसती छाटत बसले असते तर हे कधीच समोर आलं नसतं. तेव्हापासून कुणाचा रकाना कोरा दिसला की मी पहिल्यांदा एवढंच सांगते: व्हीएस कोडच्या डाव्या कोपऱ्यात खाली माणसाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा आणि कुठलं नाव दिसतं ते वाचून दाखवा.

राहिले चार. ते नोकरी सोडून गेलेले होते. चौघंही कॉन्ट्रॅक्टवरचे, म्हणून त्यांची नावं एचआरच्या एक्झिट यादीत येत नाहीत. ती वेगळ्या विभागाच्या एक्सेल शीटमध्ये असतात. आमचं गिटहब ऑफिसच्या डिरेक्टरीशी जोडलेलं नाही, नावं हातानेच घालायची-काढायची. त्यांतल्या एकाला जाऊन सहा आठवडे झाले होते. तो आला तेव्हा स्वतःच्याच गिटहब अकाउंटने आला होता आणि त्याला आमच्या खाजगी रिपॉझिटरी (कोडचे साठे) अजून उघडता येत होत्या. त्याने काही केलं नाही, लॉग तपासून खात्री केली. पण ते बघताना माझ्या हाताला घाम आला होता. इथे फक्त सीट काढून भागत नाही, माणूस ऑर्गनायझेशनमधूनच काढावा लागतो. रजेवरच्याच्या सीटबद्दल सावकाश विचारता येतं. गेलेल्या माणसाचं अकाउंट त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद झालंच पाहिजे. आता कॉन्ट्रॅक्टवाल्यांची शीट दर शुक्रवारी माझ्याकडे येते, आणि आली नाही तर मी जाऊन घेऊन येते.

तांत्रिक अडचण एकच आली. आम्ही सीट टीमनुसार दिल्या होत्या. टीममुळे मिळालेली सीट एकट्या माणसाची काढता येत नाही, त्याला टीममधून काढावं लागतं, आणि टीममधून काढलं की रिपॉझिटरीचे हक्कही जातात. म्हणून फक्त कोपायलटसाठी एक वेगळी टीम केली. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर एक शनिवार वाचला असता.

सध्याची पद्धत अशी: बिल बदलायच्या दहा दिवस आधी रिपोर्ट काढते. 30 दिवस हालचाल नसेल त्याला मी स्वतः मेसेज करते. आधी साचेबंद मेल पाठवायचे, त्याला उत्तरच यायचं नाही. "सीट लागते आहे ना? काही अडतंय का?" एवढं साध्या मराठीत विचारलं की त्याच दिवशी उत्तर येतं. नको असेल तर सीट काढते आणि सांगून ठेवते की परत हवी असेल तर अर्ध्या दिवसात देईन. अडवणूक होणार नाही अशी खात्री असली की लोक स्वतःहून सोडतात. बिलाचा महिना संपायच्या आत कुणाचं मन बदललं तर काढलेली सीट पुन्हा चालू करता येते, जास्तीचे पैसे पडत नाहीत.

मधे एका मॅनेजरनी ही यादी दर आठवड्याला नावांसकट मागितली, अप्रेझलला उपयोगी पडेल म्हणून. मी नाही म्हटलं, आणि ते प्रकरण वरपर्यंत गेलं. त्या तारखेवरून कोणी किती काम केलं ते अजिबात कळत नाही. एडिटरमध्ये एक सजेशन नुसतं समोर आलं तरी तारीख बदलते. उलट टेलिमेट्री बंद असलेले आमचे 11 जण त्या यादीत आळशी ठरले असते. शेवटी नावं माझ्याकडेच राहिली, मॅनेजरना फक्त टीमची संख्या जाते. इतरांनाही मी हेच कळकळीने सांगेन. ही यादी हजेरीपट झाली की लोक खरं उत्तर देणं थांबवतात, आणि खऱ्या उत्तराशिवाय तिचा काही उपयोग नाही.

नवीन आलेले सोडून आज त्या 112 पैकी 91 सीट चालू आहेत, म्हणजे महिन्याला 399 डॉलर कमी. रजेवरच्या दोघींपैकी एक गेल्या महिन्यात कामावर आली. ती येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मधल्या काळात काढलेली तिची सीट पुन्हा देऊन ठेवली होती.

टेलिमेट्री बंद असलेल्यांसाठी अजून कुठलाही आपोआप होणारा उपाय मला सापडलेला नाही. त्यांची वेगळी वही आहे आणि दर महिन्याला अकराही जणांना मी फोन करते. या महिन्याच्या यादीत आणखी सात नावं आली आहेत. दोघांशी बोलणं झालं, एक जण गणपतीला गावी गेला आहे, बाकी चौघांना उद्या जेवणाच्या सुट्टीत गाठायचं आहे.