स्कर्टिंग टाइलची की पीव्हीसीची?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी फरशीलगत लावतात ती पट्टी, बदलायची ठरली. आईला टाइल हवी, मला पीव्हीसी.

टाइलची पट्टी म्हणजे फरशीच्याच टाइलमधून कापलेला 4 इंची तुकडा. रोजच्या पाण्याची, वाळवीची तिला भीती नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हा मुद्दा वेगळा सांगायला नको. मात्र ती प्लास्टर खरवडून भिंतीत बसवून घ्या, नाहीतर वरच्या कडेवर कायम धूळ. आणि बदलायची म्हटली की पुन्हा कडिया (गवंडी), पुन्हा तोडफोड.

पीव्हीसी हलकी, पाणी पीत नाही, किंचित वाकड्या भिंतीलाही लागून बसते. काहींच्या मागून वायरही नेता येते. पण पोपडे सुटलेल्या भिंतीवर नुसत्या गोंदाने ती टिकत नाही. आधी ओल थांबवा, भिंत खरवडा, मग स्क्रू. जुन्या घरात कोपरे क्वचितच काटकोनात असतात. म्हणून सरसकट 45 अंशांत कापू नका. कोपरा मोजा, त्याच्या निम्म्या कोनात कापा.

मी शेवटी तळमजल्यावर टाइल, वरच्या मजल्यावर पीव्हीसी लावली. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) मात्र मी कुणालाच सुचवणार नाही, पाणी लागलं की फुगतं.