तुर्की भाषकांची चिंता मोजायची तर कोणती प्रश्नावली घ्यावी?

बेक चिंता सूचीच्या तुर्की प्रतीत दहावं लक्षण एकाच शब्दाचं आहे: 'सिनिर्लिलिक'. मूळ इंग्रजीत तिथे 'नर्व्हस' आहे. 'सिनिर' म्हणजे मज्जातंतू, त्यावरून 'सिनिर्ली', आणि शब्दकोशात 'नर्व्हस' हा अर्थ सापडतोही. पण रोजच्या तुर्कीत 'बाबा आज सिनिर्ली आहेत' म्हटलं की मुलांना कळतं, बाबा चिडलेत, जरा लांबच राहावं. म्हणजे प्रश्न भीतीचा आणि उत्तर रागाचं. आपल्याकडे याच इंग्रजी शब्दाची वेगळीच गत झाली आहे. मराठीत 'तो नर्व्हस झालाय' म्हणजे बहुतेक वेळा तो खट्टू झालाय.

ही चूक उलट-अनुवादात सापडत नाही. 'सिनिर्ली'चं इंग्रजी करायला दिलं की अनुवादक 'नर्व्हस' लिहितो, दोन्ही इंग्रजी प्रती जुळतात आणि काम झालं असं वाटतं. म्हणून 'उलट-अनुवाद केला आहे' एवढ्यावर प्रश्नावली निवडू नये. तुर्कीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या चार प्रश्नावल्या खाली समोरासमोर ठेवल्या आहेत. चारही तुर्कस्तानात तपासलेल्या आहेत, त्यामुळे पाचवा अनुवाद करायला बसण्यापूर्वी या पाहाव्यात.

बेक चिंता सूची (बीएआय)

मूळ 1988ची, तुर्की रूप 1998चं (उलुसॉय, शाहिन, एर्कमेन). 21 लक्षणं, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 63, कालावधी गेल्या आठवड्याचा. तुर्की अभ्यासातला आल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) 0.93 आहे आणि लोक या आकड्यावर भाळतात. पण आल्फा प्रश्नांच्या संख्येबरोबर फुगतो. प्रश्नांचे आपसातले संबंध तेवढेच ठेवून 21चे 7 प्रश्न केले, तर 0.93चा सुमारे 0.82 होतो. तेव्हा 21 प्रश्नांच्या आल्फाची 7 प्रश्नांच्या आल्फाशी तुलना करून उपयोग नाही.

खरा मुद्दा शरीराचा आहे. छातीत धडधड, हात थरथरणं, मुंग्या, घाम, चेहरा लाल होणं, पोटाची तक्रार असा यादीचा मोठा भाग आहे. पॅनिक, म्हणजे अचानक येणारा घबराटीचा झटका, पकडायला ही उत्तम. पण थायरॉइड वाढलेला रुग्ण, हृदयरोगी किंवा रजोनिवृत्तीतली बाई काहीही चिंता नसताना इथे गुण जमवते. शब्दरचनेतही एक खाच आहे. 'गेव्शेयेमेमे' (सैल होता न येणं) या एका शब्दात दोन 'मे' येतात: पहिल्याने 'जमत नाही' होतं, दुसऱ्याने क्रियापदाचं नाम. नकार शब्दाच्या पोटात दडलेला असतो. मोठ्याने वाचून दाखवताना तो निसटला तर उत्तर उलटं पडतं.

स्पीलबर्गरची सूची (एसटीएआय)

20 प्रश्न 'आत्ता कसं वाटतंय' याचे, 20 'एरवी कसं असतं' याचे. प्रत्येक भागाची व्याप्ती 20 ते 80. तुर्की काम ओनेर आणि ल कोंत यांचं, 1980च्या दशकातलं. ते मूळ प्रश्नावलीच्या जुन्या, एक्स फॉर्मवर आधारलेलं आहे. इंग्रजीत 1983ला वाय फॉर्म आला आणि सुमारे 30 टक्के प्रश्न बदलले. नैराश्याकडे झुकणारे काढून टाकले गेले. म्हणून तुर्की सरासरी वाय फॉर्मच्या इंग्रजी सरासरीशेजारी मांडता येत नाही.

ताणाच्या एका प्रश्नापुरती हिची भाषा बेकपेक्षा सरस. तिथे 'सिनिर्लेरिम गेर्गिन', म्हणजे 'माझे मज्जातंतू ताणलेत', असं आहे. मूळ तेच, पण राग मधे येत नाही.

हिचा घोळ बेरजेत होतो. 'आत्ता' भागात 10 प्रश्न सुलटे ('काळजीत आहे') आणि 10 उलटे ('शांत आहे'). तुर्की पद्धतीत सुलट्यांच्या बेरजेतून उलट्यांची वजा करून 50 मिळवतात. 'एरवी' भागात उलटे 7 असल्यामुळे 35. हे विसरून सरळ बेरीज केली तर काय होतं? अस्वस्थ माणूस: सुलटे 35, उलटे 14. खरा गुण 71, सरळ बेरीज 49. निवांत माणूस: सुलटे 12, उलटे 38. खरा गुण 24, सरळ बेरीज 50. सगळे पन्नाशीच्या आसपास येतात आणि आकडे दिसायला इतके साधे असतात की शंकाही येत नाही. गुणांचा पसारा संशयास्पद आखूड दिसला, तर आधी हे तपासावं.

हॅड्स

रुग्णालयातली चिंता आणि नैराश्य मोजणारी प्रश्नावली, 1983ची. 7 प्रश्न चिंतेचे, 7 नैराश्याचे, प्रत्येक भाग 0 ते 21. शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आहेत, म्हणून कर्करोग, डायलिसिस, हृदयविकार अशा विभागांत ही बेकच्या कितीतरी पुढे. तुर्की अभ्यासात (आयदेमिर व सहकारी, 1997) चिंतेचा कट-ऑफ (जिथून त्रास आहे असं धरायचं ती गुणांची सीमा) 10/11, म्हणजे 11पासून, आणि नैराश्याचा 7/8, म्हणजे 8पासून निघाला. दोन भागांना एकच कट-ऑफ लावायची सवय इथे महागात पडते. मूळ इंग्रजीत पोटात फुलपाखरं असल्याचा एक वाक्प्रचार आहे. तो बऱ्याच भाषांत त्याच अर्थाने जात नाही, त्यामुळे चाचणी घेताना त्या प्रश्नाला जास्त वेळ द्यावा. वापरासाठी परवाना लागतो.

जीएडी-7

सर्वसाधारण, सतत राहणाऱ्या चिंतेची प्रश्नावली, 2006ची. 7 प्रश्न, कालावधी दोन आठवडे, गुण 0 ते 21, आणि फुकट. मूळ अभ्यासात 10 या कट-ऑफला संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण) 89 टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) 82 टक्के. तुर्की अभ्यासात (कोंकान व सहकारी, 2013) मात्र कट-ऑफ 8 निघाला. सवयीने 10 लावला तर 8 आणि 9 गुणांचे रुग्ण तसेच घरी जातात. चीड येण्याचा प्रश्न इथे मुळातच आहे, त्यामुळे रागाचं उत्तर तिथे हक्काच्या जागी बसतं. अडचण पर्यायांची आहे. 'अर्ध्याहून जास्त दिवस' हे कमी शिकलेल्या माणसाला पटकन कळत नाही. 14 चौकोन छापून 'यातले किती?' असं विचारलं की काम सोपं होतं. फक्त तसं केल्याची नोंद ठेवावी.

मग कोणती?

प्राथमिक चाळणी किंवा उपचारातला फरक बघायचा असेल तर जीएडी-7. शारीरिक आजाराच्या वॉर्डात हॅड्स. शस्त्रक्रियेआधीची किंवा परीक्षेच्या दारातली धाकधूक मोजायची तर एसटीएआयचा 'आत्ता' भाग. बाकी तिघींना हे जमतच नाही, कारण त्या आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हिशेब मागतात. बेक सूची पॅनिकसाठी ठेवावी आणि दहाव्या प्रश्नाकडे डोळा ठेवावा. वेळ नसेल तर चारही एकदम देऊ नयेत. 82 प्रश्नांनंतर माणूस एकाच रकान्यात खुणा करत सुटतो.

निवडल्यावर तपासणी

तुर्कस्तानातला अभ्यास जर्मनीतल्या तुर्की भाषकांना आपोआप लागू होत नाही. 1961च्या कामगार करारानंतर गेलेली पहिली पिढी आज म्हातारी आहे, शाळा थोडी झालेली. नातवंडांची तुर्की जर्मनमिश्रित. शिवाय तुर्कस्तानातून आलेल्या कित्येकांची घरातली भाषा कुर्दी असते, तेव्हा ते आधीच विचारावं.

पहिली पायरी स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी: 30 ते 40 जणांना प्रश्नावली द्यायची आणि प्रत्येक प्रश्नावर विचारायचं, 'हे शेवटचं कधी झालं? काय झालं होतं?' 'सिनिर्लिलिक'वर 'मुलावर ओरडले' असं उत्तर आलं, की तो प्रश्न राग मोजतोय. 'मेराक' या शब्दालाही जपावं. त्यात कुतूहल आणि काळजी दोन्ही बसतात. 'मेराक एत्मे' म्हणजे 'काळजी करू नकोस'.

दुसरी, रचनेची: कोणते प्रश्न एका गटात बसतात ते पाहायचं. निदान 200 जण. उत्तरं चारच पायऱ्यांची असल्यामुळे घटक-विश्लेषण क्रमवार उत्तरांसाठीच्या पद्धतीने करावं. दोन गटांची सरासरी ताडायची असेल तर मापन-समानता (प्रश्न दोन्ही गटांत सारखंच मोजतात का) आधी: रचना, मग प्रत्येक प्रश्नाचा भार, मग उत्तरांचा आरंभबिंदू सारखा आहे का. प्रत्येक पायरीला सीएफआय (रचना आकड्यांशी किती जुळते याचा निर्देशांक) 0.01हून जास्त घसरला तर थांबून कोणता प्रश्न बिघडवतोय ते शोधावं.

तिसरी, पुनर्चाचणी: साधारण 50 जण, एक ते दोन आठवड्यांनी, आयसीसी (दोन वेळच्या गुणांची जुळणी) 0.70 किंवा वर. एसटीएआयच्या 'आत्ता' भागाला ही कसोटी लावू नये. तो बदलण्यासाठीच केला आहे. तिथे आकडा कमी आला तर तो दोष नव्हे.

कट-ऑफ स्वतः काढायचा तर तुर्कीतून घेतलेली निदान-मुलाखत हवी, आणि मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण माहीत नसावेत. एवढं जमत नसेल तर 'चिंताविकार आहे / नाही' असे गट पाडू नयेत. नुसते गुण द्यावेत आणि कोणती तुर्की प्रत, कोणत्या वर्षाची, छापील की वाचून दाखवलेली, हे शेजारी लिहावं.